घराघरांत टिकलेली ख्रिस्तसभा : आर्मेनियातील खेड्यांची ओळख



गेल्या महिन्यात रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना सहज एक प्रश्न विचारला, "जगात सर्वांत आधी कोणत्या राष्ट्राने ख्रिस्ती धर्म स्वीकारला?" सगळी मुले एका सुरात ओरडली, "रोम!" एका मुलीने इस्राएल म्हटले. एका मुलाने पोर्तुगाल म्हटले आणि आपल्या किनाऱ्याचा इतिहास पाहता त्याला दोष देता येत नाही. उत्तर होते आर्मेनिया. वर्ग शांत झाला. मुलांनी ते नावच ऐकले नव्हते. वर्ग सुटल्यावर एका शिक्षिकेने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "फादर, हा देश नेमका आहे तरी कुठे?"

म्हणून आजचा हा लेख. मात्र आर्मेनियाचे राजे किंवा तेथील मोठी मठमंदिरे हा त्याचा मुख्य विषय नाही. आपण तेथील खेड्यांकडे आणि लहान गावांकडे पाहणार आहोत, कारण तेथील श्रद्धेचा खरा इतिहास खेड्यांत घडला आहे आणि त्यात आपल्यासाठी एक धडा आहे.

देश केवढा, गावे कशी

तुर्कस्तान, जॉर्जिया, अझरबैजान आणि इराण या चार देशांच्या मधोमध आर्मेनिया वसलेला आहे. समुद्र कोठेच नाही. क्षेत्रफळ सुमारे ३० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक दशांश. २०२२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २९ लाख आणि त्यांपैकी ११ लाखांच्या आसपास लोक एकट्या येरेवान या राजधानीत राहतात. बाकीचे लहान शहरांत आणि नऊशेहून अधिक खेड्यांत विखुरलेले आहेत. जगभर पांगलेले आर्मेनियन लोक मात्र देशातल्या लोकांपेक्षा संख्येने जास्त आहेत.

देश डोंगराळ आहे. आराक्स नदीच्या काठी आरारातचे सपाट मैदान आहे, तेथे जर्दाळू आणि द्राक्षे पिकतात. दक्षिणेकडे अरेनी नावाचे एक खेडे आहे. तेथील गुहेत सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीची द्राक्षे तुडवण्याची जागा आणि द्राक्षरस साठवण्याचे रांजण सापडले आहेत. नोहाने महापुरानंतर द्राक्षमळा लावला, ही उत्पत्तीच्या पुस्तकातील गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. आरारात पर्वताच्या छायेत राहणाऱ्या या लोकांना ती स्वतःच्या गावची गोष्ट वाटते.

वायव्येकडे शिराक प्रांतात चित्र अगदी वेगळे आहे. तेथील अशोत्स्कचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे. झाडे फारच थोडी. पीक बटाट्याचे आणि धान्याचे. हिवाळा इतका कडक की पारा उणे ४० अंशांच्या आसपास गेल्याच्या नोंदी आहेत. लाकूड महाग म्हणून लोक उन्हाळाभर शेणाच्या गोवऱ्या थापतात, वाळवतात आणि घरापाशी त्यांच्या उडव्या रचून ठेवतात. थंडीत चुलीला त्याच. आपल्या आजीआजोबांना हे सांगितले तर त्यांना ते गाव मुळीच परके वाटणार नाही.

खड्ड्यात भाकर टाकणारी बाई

आरारातच्या मैदानात तुर्कस्तानच्या सीमेजवळ खोर विराप नावाचा मठ आहे. या नावाचा अर्थ 'खोल खड्डा'. परंपरा अशी सांगते की, राजा त्रदात याने ग्रेगरी नावाच्या ख्रिस्ती माणसाला येथे एका खड्ड्यात टाकले. साप-विंचवांनी भरलेल्या त्या खड्ड्यात कोणी फार दिवस जगत नसे. ग्रेगरी सुमारे १३ वर्षे जगला. कसा? किल्ल्यातील एका विधवेला स्वप्नात आज्ञा झाली आणि ती रोज एक भाकर त्या खड्ड्यात टाकत राहिली. पुढे राजा एका विचित्र आजाराने पछाडला गेला. त्याच्या बहिणीला स्वप्न पडले की केवळ ग्रेगरीच त्याला बरे करू शकेल. ग्रेगरीला बाहेर काढण्यात आले, राजा बरा झाला आणि त्याने बाप्तिस्मा घेतला. परंपरेनुसार हे वर्ष इ. स. ३०१. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती लोकांना धर्मस्वातंत्र्य दिले ते ३१३ साली, हे लक्षात घ्या.

या गोष्टीतील राजाचे नाव इतिहासाने जपले. ग्रेगरी तर संत झाले, 'प्रकाशदाता' म्हणून सारे जग त्यांना ओळखते. भाकर टाकणाऱ्या त्या बाईला मात्र लोक 'एक विधवा' एवढेच म्हणतात. सारफथच्या विधवेने दुष्काळात एलिया संदेष्ट्याला पोसले, तिचेही नाव बायबलमध्ये नाही. विचार करा, १३ वर्षे म्हणजे जवळजवळ पावणेपाच हजार भाकरी. एक दिवस ती कंटाळली असती तर? आर्मेनियाच्या श्रद्धेचा पाया राजाच्या आज्ञेने घातला गेला असे आपण म्हणतो. मला वाटते, त्याआधीच एका बाईच्या रोजच्या भाकरीने तो घातला होता. ही बाई ध्यानात ठेवा. पुढे ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

अक्षरे आणि दगडी क्रूस

धर्म आला, पण शास्त्रवचने परक्या लिपीत होती. ४०५ साली मेस्रोप माश्तोत्स या मठवासीयाने आर्मेनियन भाषेसाठी ३६ अक्षरांची लिपी तयार केली आणि लवकरच बायबलचे भाषांतर झाले. संत मेस्रोप यांची कबर कोठल्या राजधानीत नाही, ओशाकान नावाच्या गावात आहे. शाळेत जाऊ लागलेल्या मुलांना आजही तेथे आणले जाते. ज्या भाषेत आई अंगाई गाते त्याच भाषेत देवाचे वचन ऐकायला मिळावे, ही गोष्ट त्या लोकांना किती मोलाची वाटली, ते यावरून कळते.

दुसरी खूण म्हणजे 'खाचकार'. खाच म्हणजे क्रूस आणि कार म्हणजे दगड. माणसाच्या उंचीच्या शिळेवर मधोमध क्रूस कोरतात आणि भोवती वेलबुट्टी, द्राक्षे, डाळिंबे. या क्रुसावर येशूचे शरीर सहसा नसते. क्रुसाच्या पायथ्यातून पालवी फुटलेली दाखवतात, म्हणजे मरणाच्या लाकडाला जीवन फुटले. एखाद्याच्या कबरीवर, विजयाची आठवण म्हणून, झऱ्याजवळ, रस्त्याच्या कडेला, असे हजारो खाचकार त्या देशात उभे आहेत. या कलेला युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले.

सेवान सरोवराच्या काठी नोरातुस नावाचे गाव आहे. तेथील कबरस्तानात शेकडो खाचकार आहेत. गावकरी एक दंतकथा सांगतात. तैमूरलंगाचे सैन्य चालून आले तेव्हा गावात लढणारे फार थोडे होते. लोकांनी दगडी क्रुसांवर शिरस्त्राणे ठेवली, अंगरखे चढवले, बाजूला तलवारी टेकवल्या. दुरून शत्रूला वाटले की मोठी फौज उभी आहे आणि तो मागे फिरला. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. पण तिच्यात एक सत्य आहे. त्या गावाला वाटते की आपले मेलेले पूर्वज आपल्या बाजूने उभे आहेत. संतांचा समागम म्हणून आपण विश्वासांगिकारात जे म्हणतो, ते या लोकांनी दगडात उभे केले आहे.

तोनिरभोवतीचे गाव

आर्मेनियन घरातील भाकरीला 'लवाश' म्हणतात. जमिनीत पुरलेल्या मातीच्या भट्टीला 'तोनिर' म्हणतात, आपण तंदूर म्हणतो तशीच. लवाश एकट्या बाईचे काम नाही. चार-पाच बायका, बहुधा शेजारणी आणि जावा-नणंदा, एकत्र बसतात. एक पीठ मळते, एक लाटते, एक ती पातळ पोळी हातावर झुलवून मोठी करते, उशीसारख्या गादीवर पसरते आणि तोनिरच्या आतल्या भिंतीवर थापते. अर्ध्या-एक मिनिटात भाकर तयार. ती वाळवून महिनोन्महिने ठेवता येते. खायच्या वेळी पाणी शिंपडले की पुन्हा मऊ होते. २०१४ साली युनेस्कोने लवाशलाही वारशाच्या यादीत घेतले. लोक असेही सांगतात की ज्या खेड्यात चर्च नसे, तेथे धर्मगुरू तोनिरच्या साक्षीने लग्न लावत. भाकर जेथे भाजली जाते ती जागा त्यांना वेदीसारखी पवित्र वाटे.

दुसरी प्रथा 'मताघ'. घरातला आजारी बरा झाला, मुलगा सैन्यातून सुखरूप परतला, की कुटुंब कोंबडा किंवा मेंढा अर्पण करते. धर्मगुरू मीठ आशीर्वादित करतात, ते मीठ प्राण्याला चारतात. मांस फक्त मीठ-पाण्यात शिजवतात आणि शेजाऱ्यांना व गरिबांना वाटून टाकतात. जुना दंडक असा की निदान सात घरांत वाटा गेला पाहिजे. देवाचे आभार मानायचे तर शेजाऱ्याच्या ताटातून, असा त्याचा सरळ अर्थ.

वर्षाचे सणही शेतीशी जोडलेले आहेत. नाताळ ६ जानेवारीला. फेब्रुवारीत प्रभूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणाला आगटी पेटवतात आणि नवविवाहित जोडपी तिच्यावरून उडी मारतात. प्रभूच्या रूपांतराचा सण उन्हाळ्यात येतो. त्या दिवशी लहान-मोठे सारे एकमेकांवर पाणी ओततात, कोणी रागवायचे नाही. ऑगस्टमध्ये पवित्र मारियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला द्राक्षे आशीर्वादित होतात. त्याआधी नवी द्राक्षे तोंडात घालायची नाहीत, असे जुने लोक पाळतात. आपल्याकडे आगेऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणतात, तोच हा भाव.

गावे उखडली गेली

हे सगळे वाचून कोणाला वाटेल, किती सुखी गावे! तसे नाही. आर्मेनियन लोकांची जुनी भूमी आजच्या आर्मेनियाहून खूप मोठी होती. तिचा बराच भाग ऑटोमन तुर्की साम्राज्यात होता. १९१५ पासून तेथील आर्मेनियन लोकांना घराबाहेर काढून सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलण्यात आले. कत्तलीत, भुकेने आणि वाटेवर दहा ते पंधरा लाख माणसे मेली असे बहुतेक इतिहासकार मानतात. मार्दिन या गावचे आर्मेनियन कॅथोलिक आर्चबिशप इग्नेशियस मालोयान यांना धर्म सोडला तर जीव वाचेल असे सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि आपल्या लोकांबरोबर रक्तसाक्षी झाले. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

त्या काळातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. मुश या गावाजवळच्या मठात प्रवचनांचे एक हस्तलिखित होते. १२०० ते १२०२ या काळात वासरांच्या कातड्यावर लिहिलेले, वजन सुमारे २८ किलो. मठ उद्ध्वस्त झाल्यावर पळून जाणाऱ्या दोन बायकांना ते सापडले. एकटीला उचलणे शक्य नव्हते. त्यांनी त्याचे दोन भाग केले. एक भाग पायी वाहून एच्मियाद्झिनला पोहोचवण्यात आला. दुसरा वाटेत एर्झुरूमच्या मठाच्या अंगणात पुरून ठेवला होता, तोही पुढे सापडला. आज दोन्ही भाग येरेवानच्या हस्तलिखित संग्रहालयात एकत्र आहेत. घर, गुरेढोरे, भांडीकुंडी सारे सुटले असताना त्या बायकांनी वाहिले काय, तर ग्रंथ!

जे जगले त्यांनी पूर्वेकडे येऊन नवी गावे वसवली आणि त्यांना जुन्या गावांची नावे दिली. 'नोर' म्हणजे नवे. नोर खारबेर्द, नोर हाचन अशी नावे आजही नकाशावर आहेत.

कुलूपबंद देवळे

१९२० साली आर्मेनियात साम्यवादी राजवट आली. १९३० च्या दशकात चर्चना कुलपे लागली. कोठे धान्याचे गोदाम झाले, कोठे करमणुकीचे सभागृह. आर्मेनियन ख्रिस्तसभेचे प्रमुख, कॅथोलिकोस खोरेन पहिले, यांची १९३८ साली हत्या झाली.

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो. बहुसंख्य आर्मेनियन लोक त्यांच्या प्राचीन अपोस्तोलिक ख्रिस्तसभेचे आहेत. ती पाचव्या-सहाव्या शतकांपासून रोमपासून वेगळी आहे. १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे आणि कॅथोलिकोस कारेकिन पहिले यांनी ख्रिस्ताविषयीच्या समान श्रद्धेचे संयुक्त निवेदन केले, तेव्हापासून दोन्ही ख्रिस्तसभा अधिक जवळ आल्या. याखेरीज रोमशी एकरूप असलेले आर्मेनियन कॅथोलिक आहेत. देशाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास. त्यांपैकी अनेक जण शिराक प्रांतातील पानिक, अरेविक, सिझावेत अशा खेड्यांत राहतात. १८२८-२९ च्या रशिया-तुर्की युद्धानंतर त्यांचे पूर्वज एर्झुरूमच्या बाजूने येथे आले. शेजारी त्यांना 'फ्रांग' म्हणत.

या खेड्यांचे काय झाले ते ऐका. साम्यवादी राजवटीत त्यांच्या धर्मगुरूंना अटक झाली, कित्येकांना सायबेरियाच्या छावण्यांत धाडण्यात आले. मग पन्नासएक वर्षे या गावांना धर्मगुरू नाही. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, परमप्रसाद नाही. आपल्याकडे एका रविवारी मिस्साची वेळ अर्ध्या तासाने बदलली तर किती फोन येतात! तेथे दोन पिढ्या वेदीशिवाय वाढल्या.

आणि तरी श्रद्धा मेली नाही. का? कारण घरात आजी होती. म्हाताऱ्या बायका दार लावून मुलांना प्रार्थना शिकवत, कोणाच्या तरी घरी जमून माळ जपत. मूल जन्मले की त्याला पाण्याने बाप्तिस्मा देत. (गरजेच्या प्रसंगी कोणीही योग्य हेतूने आणि योग्य शब्दांत बाप्तिस्मा देऊ शकतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण आपल्याला माहीत असावी.) म्हाताऱ्या बाईला कोण तुरुंगात टाकणार? सरकारने तिला निरुपद्रवी मानले आणि तेथेच ते फसले. खड्ड्यात भाकर टाकणारी बाई आपल्याला पुन्हा भेटली ती येथे.

संत पौल तिमथीला लिहिताना त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या श्रद्धेची आठवण काढतो आणि तीच श्रद्धा तुझ्यातही आहे असे म्हणतो. त्या अर्थाने आर्मेनियाच्या कॅथोलिक खेड्यांत हजारो लोईस होत्या.

भूकंप आणि त्यानंतर

७ डिसेंबर १९८८, सकाळचे ११ वाजून ४१ मिनिटे. मुले शाळेत होती. स्पिताक हे गाव क्षणात भुईसपाट झाले. ग्युम्री शहर, जे तेव्हा लेनिनाकान या नावाने ओळखले जाई, त्याचा मोठा भाग कोसळला. सुमारे २५ हजार माणसे दगावली, पाच लाख बेघर झाली. कित्येक कुटुंबे पुढे वर्षानुवर्षे, काही तर दशकानुदशके, पत्र्याच्या डब्यांसारख्या तात्पुरत्या घरांत राहिली.

जगभरातून मदत आली. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या प्रेरणेने अशोत्स्कच्या त्या गोठलेल्या पठारावर १९९१ साली 'रेदेम्प्तोरिस मातेर' म्हणजे 'तारणाऱ्याची माता' हे रुग्णालय उभे राहिले. ते संत कॅमिलस यांच्या संघाच्या धर्मगुरूंकडे सोपवण्यात आले. लोक त्याला 'पोपांचे रुग्णालय' म्हणू लागले. तेथे येणाऱ्या रुग्णाला तो कोणत्या ख्रिस्तसभेचा हे विचारत नाहीत. त्याच वर्षी, १९९१ मध्ये, देश स्वतंत्र झाला आणि आर्मेनियन कॅथोलिकांसाठी ग्युम्री येथे धर्मप्रांतासारखी व्यवस्था स्थापन झाली. कुलपे उघडली. धर्मगुरू आले तेव्हा त्यांना मोडकी देवळे सापडली आणि श्रद्धाळू माणसे सापडली.

२५ जून २०१६ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ग्युम्रीच्या चौकात मिस्सा अर्पण केली. स्मरण, श्रद्धा आणि दयाळू प्रेम या तीन पायांवर ख्रिस्ती जीवन उभे करावे, असे त्यांनी सांगितले. प्रवचनात अशोत्स्कच्या रुग्णालयाचीही आठवण काढली.

आजचे संकट

तलवार आणि कुलूप यांना ही गावे पुरून उरली. आजचे संकट निराळे आहे. स्वातंत्र्यानंतर सरकारी सामुदायिक शेती मोडून जमीन कुटुंबांत वाटली गेली. वाट्याला सरासरी दीड हेक्टरच्या आसपास, तीही दोन-तीन तुकड्यांत. त्यावर घर कसे चालणार? म्हणून पुरुष वसंत ऋतूत रशियाला बांधकामावर जातात आणि थंडीत परततात. काही परततच नाहीत. उन्हाळ्यात अनेक खेड्यांत बायका, म्हातारी माणसे आणि मुलेच उरतात. शाळेत पटसंख्या घटते. एकेका धर्मगुरूला अनेक गावे सांभाळावी लागतात.

त्यात युद्ध. नागोर्नो-काराबाख या प्रदेशातील आर्मेनियन लोकांना डिसेंबर २०२२ पासून रसद तोडून वेढले गेले. १९ सप्टेंबर २०२३ रोजी अझरबैजानने हल्ला केला आणि अवघ्या काही दिवसांत एक लाखाहून अधिक माणसे घरे सोडून आर्मेनियात आली. डोंगररस्त्यावर मोटारींची रांग लागली होती. ही माणसे प्रथम जेथे पोहोचली ते गोरिस हे सुमारे वीस हजार वस्तीचे लहान गाव. स्वतःपेक्षा कित्येक पटींनी पाहुणे आले असता त्या गावाने दारे उघडली. मताघाचा वाटा सात घरांत देण्याची सवय असलेल्या लोकांकडून दुसरे काय अपेक्षित होते?

एक प्रश्न

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आमचे प्राध्यापक ग्रीकांचा एक जुना प्रश्न विचारत. एका जहाजाची एकेक फळी कुजते, ती बदलली जाते. शेवटी सगळ्याच फळ्या नव्या झाल्या, तर जहाज तेच राहिले का? आम्ही तरुण होतो. वाद घालण्यात मजा वाटे, परीक्षा झाली की प्रश्न विसरला.

आर्मेनियाच्या गावांविषयी वाचताना तो प्रश्न पुन्हा आठवला. गाव म्हणजे काय? जमीन म्हणावी तर नोर खारबेर्दची जमीन जुन्या खारबेर्दची नव्हे. घरे म्हणावीत तर स्पिताकमध्ये एकही उरले नव्हते. देऊळ म्हणावे तर त्याचे गोदाम झाले. धर्मगुरू म्हणावा तर तो सायबेरियात. सगळ्या फळ्या गेल्या आणि गाव राहिले. मला सापडलेले उत्तर असे, की एका माणसाकडून दुसऱ्याकडे जे रोज हातोहात दिले जाते त्याने गाव गाव राहते. भाकर, प्रार्थना, शेजाऱ्याचा वाटा. ते देणे थांबले तर मात्र चर्चचे छप्पर शाबूत असूनही गाव संपते.

येथे माझी एक चूक कबूल करतो. नव्याने धर्मगुरू झालो तेव्हा एका घरी सायंप्रार्थनेला गेलो होतो. तेथील आजी माळेच्या प्रार्थना जुन्या, अर्धवट लॅटिन-पोर्तुगीज शब्दांत म्हणत होत्या. मी सर्वांसमोर त्यांचे शब्द दुरुस्त केले. त्या गप्प झाल्या आणि त्यानंतर माझ्यासमोर कधी मोठ्याने प्रार्थना म्हणेनाशा झाल्या. माझे शब्द बरोबर होते. पण ते शब्द माझ्यापर्यंत आले ते अशाच आजींकडून, हे मला तेव्हा कळले नव्हते. त्या आता प्रभूच्या घरी आहेत. आर्मेनियाच्या आजींविषयी लिहिताना त्यांचीच आठवण येत राहिली.

आपल्याशी त्यांचे नाते

ही माणसे आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत. १६०४-०५ च्या सुमारास इराणच्या शहा अब्बासने आराक्स नदीकाठच्या जुल्फा या गावातील आर्मेनियन लोकांना उठवून इस्फहानजवळ नेले. तेथून त्यांच्यातील व्यापारी सुरत, मुंबई, मद्रास, कलकत्ता येथे पोहोचले. मुंबईच्या फोर्ट भागात त्यांनी १७९६ साली संत पीटर यांच्या नावे चर्च बांधले. आर्मेनियन भाषेतले जगातले पहिले नियतकालिक निघाले तेही भारतात, १७९४ साली मद्रासमध्ये, आणि ते एका धर्मगुरूने काढले. उखडलेल्या गावाची माणसे आपल्या किनाऱ्याला आली आणि येथेही त्यांनी आधी चर्च आणि अक्षरे उभी केली.

आपल्या धर्मग्रामातूनही मुले-मुली आखाती देशांत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात जात आहेत. त्यात वाईट काही नाही. परंतु त्यांच्या सामानात आपण काय बांधून देतो? लोणचे देतो, सुकी मासळी देतो. घरची प्रार्थना देतो का? संध्याकाळी सातच्या सुमारास मी गावातून फिरतो तेव्हा पूर्वी ज्या घरांतून माळेचा आवाज येई, त्यांपैकी अनेक घरांतून आता फक्त टीव्हीचा आवाज येतो. आपल्याकडे ना खड्डा आहे, ना कुलूप, ना सायबेरिया. तरी आवाज थांबतो आहे.

म्हणून या आठवड्यासाठी एकच विनंती. एका संध्याकाळी घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला प्रार्थना चालवू द्या. तिचे शब्द चुकले तर चुकू द्या. मुलांना तिच्याजवळ बसवा. आणि घरात काही गोडधोड झाले असेल, तर त्यातला वाटा एका तरी शेजारी पाठवा.

लहान ख्रिस्ती समूहांत चर्चेसाठी प्रश्न

१. तुम्हाला पहिली प्रार्थना कोणी शिकवली? त्या व्यक्तीची एक आठवण सांगा.

२. उद्या आपल्या धर्मग्रामात वर्षभर धर्मगुरू नसेल, तर आपल्या वाडीत श्रद्धा कोण आणि कशी टिकवील?

३. परदेशी गेलेल्या आपल्या मुलांशी आपण फोनवर काय बोलतो? त्यात प्रार्थनेला जागा आहे का?

४. वाचा : १ राजे १७:८-१६ आणि २ तिमथी १:३-७. रोजचे छोटे काम आणि मोठी श्रद्धा यांचा संबंध या उताऱ्यांत कसा दिसतो?

प्रभू आपल्या घरांना आशीर्वाद देवो. संत ग्रेगरी आणि त्यांना भाकर देणारी ती अनामिक माउली आपल्यासाठी विनंती करोत.

आपला,
धर्मगुरू